सोलापुरी तिखटासोबत बिअर: व्हीट, आयपीए की स्टाउट?

जेवणासोबत क्राफ्ट बिअरची (छोट्या ब्रुअरींच्या वेगवेगळ्या चवींच्या बिअरची) जोडी जमवायला शिकायचं म्हटलं की समोर तक्ते येतात ते चीज आणि बर्गरचे. आपल्या ताटात कडक भाकरी, शेंगा चटणी आणि काळ्या मसाल्याचं मटण. अशा वेळी सुरुवात कुठून करावी? माझ्या मते आधी व्हीट, म्हणजे गव्हाची बिअर, मग काळी स्टाउट, आणि कडवट आयपीए (इंडिया पेल एल) सगळ्यात शेवटी.

आयपीएचं आधी सांगतो, कारण क्राफ्ट म्हणजे आयपीएच असं धरून बरेच जण तीच उचलतात. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं. त्यांचा कडूपणा आयबीयू या एककात मोजतात. अमेरिकन आयपीएत तो साधारण ४० ते ७०, जर्मन व्हीटमध्ये ८ ते १५. कडू आणि तिखट एकमेकांना चढवतात. शिवाय मिरची जिभेवरचा जो संवेदक पेटवते, त्यालाच अल्कोहोलही डिवचतं. म्हणजे ६-७ टक्क्यांची आयपीए आणि झणझणीत तर्री, आगीत तेलच! (स्ट्राँग बिअरनं तिखट उतरतं म्हणणाऱ्यांनीही हे ऐकावं.) दुसरी अडचण उन्हाची. हॉप्सचा सुगंध उष्णतेनं लवकर मरतो आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे असतो. बाटली फ्रिजमधली की रॅकवरची, उत्पादनाची तारीख कोणती, हे बघितल्याशिवाय पैसे घालवू नका. मिरची बेताची असलेल्या कांदाभजीबरोबर मात्र ती झकास लागते. तेलकटपणा तिच्या कडूपणानं कापला जातो.

व्हीट बिनधास्त घ्या. बेल्जियन विटबिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात. जर्मन हेफेवाइझनमध्ये लवंग घातलेली नसते, तरी लवंगेचा आणि पिकल्या केळ्याचा वास येतो. ती करणी यीस्टची. धने नि लवंग काळ्या मसाल्यातही आहेतच, त्यामुळे रस्सा आणि ही बिअर परकी वाटत नाहीत. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास, कडूपणा नावाला. हुरड्याच्या कोवळ्या गोडीलाही हीच बरी. शेंगा चटणीपुढे मात्र ती फिकी पडते.

तिथे स्टाउट. खरपूस भाजलेल्या जवाची ही काळी बिअर आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची, लसूण घालून कुटलेली चटणी यांचं गोत्र एकच. निखाऱ्यावरच्या शिकेबरोबरही (शीक कबाब) तिचं जमतं. मिल्क स्टाउट मिळाली तर आणखी उत्तम: तिच्यातली दुधाची साखर यीस्टला पचत नाही, म्हणून गोडवा मागे उरतो आणि तिखटाची धार बोथट होते. शेंगा पोळीबरोबर तर हीच हवी. बर्फगार पिऊ नका. ८ ते १२ अंशांवर तिचा कॉफीसारखा वास खुलतो. जड असते, भर दुपारी नकोच. दुकानात शोधावीही लागते.

शिकायला साइसरोनसारखे प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम आहेत, पण बिअरच्या धंद्यात जायचं नसेल तर त्यांची गरज नाही. घास, घोट, पुन्हा घास. दुसऱ्या घासाला तिखट वाढलं की मावळलं, एवढं टिपून ठेवा. (वय २१ आणि परमिट, हे आलंच.)

तीनच बाटल्यांचं बजेट असेल तर दोन व्हीट, एक स्टाउट. आयपीए पुण्याला गेलात की जागेवरच बिअर बनवणाऱ्या मायक्रोब्रुअरीत नळाची ताजी प्या.