कार्टच्या इंजिनाचे मिसिंग शोधण्यासाठी गॅप बदलता येणारा स्पार्क टेस्टर

गो-कार्टच्या, म्हणजे ट्रॅकवर धावणाऱ्या छोट्या उघड्या गाड्यांच्या, इंजिनांची देखभाल करणाऱ्याने मल्टिमीटरच्याही आधी कोणते साधन घ्यावे, असे मला कोणी विचारले तर मी ठिणगीची ताकद तपासणारा, गॅप (ठिणगीने ओलांडायचे अंतर) बदलता येणारा स्पार्क टेस्टर घ्या असेच सांगेन. पारदर्शक नळी, तिच्या एका टोकाला स्पार्क प्लगची कॅप बसेल असा खुंट, दुसऱ्या टोकाला आट्यांचा दांडा आणि त्याला जोडलेली वायर व चिमटा, एवढेच हे साधन असते. ते काही शे रुपयांत मिळते आणि त्यावर बहुधा कोणत्याही कंपनीचे नाव नसते. मी ते मुख्यतः होंडा जीएक्स२०० या १९६ सीसीच्या फोरस्ट्रोक इंजिनावर वापरतो. भाड्याच्या कार्टमध्ये हे इंजिन सर्रास आढळते, त्यामुळे पुढचे विवेचन त्याच्याच आधाराने केले आहे.

प्लग काढायचा, कॅपमध्ये घालून हेडला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या धातूच्या भागाला, टेकवायचा, दोरी ओढायची आणि निळी ठिणगी दिसली की ‘करंट येतोय’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची रूढ तपासणी आहे. तिचा दोष असा, की ती प्लगला फारच सोपा पेपर देते. या इंजिनाच्या प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो आणि उघड्या हवेत ठिणगी उडायला दर मिलिमीटरला ढोबळमानाने तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणजे दोन-अडीच हजार व्होल्ट देणारी अर्धमेली कॉइलसुद्धा (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. सिलिंडरच्या आत ८.५:१ या कॉम्प्रेशनमुळे हवा दाबली गेलेली असते आणि दाब वाढला की तोच गॅप ओलांडायला कित्येक पटींनी जास्त व्होल्टेज लागते. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना सिलिंडरमध्ये हवा कमी जाते, त्यामुळे दाबही कमी राहतो आणि इंजिन निमूटपणे चालते. वळणातून बाहेर पडताना चालकाने पाय पूर्ण दाबला की दाब चढतो, ठिणगी हरते आणि इंजिन मिसिंग मारू लागते, म्हणजे ठिणगी चुकून मधूनमधून अडखळू लागते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, कार्ट उभी करून कितीही रेस केली तरी दोष सापडत नाही, अशी तक्रार ऐकू येते तिचे एक मोठे कारण हे आहे.

टेस्टर नेमका हाच पेपर कठीण करतो. दांडा फिरवून गॅप चार, सहा, आठ मिलिमीटर असा वाढवत न्यायचा आणि दोरी ओढल्यावर ठिणगी कुठवर उडी मारते ते पाहायचे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या छोट्या इंजिनांसाठी वापरल्या जाणाऱ्या टेस्टरमध्ये सुमारे ४.२ मिलिमीटरचा कायमचा गॅप असतो आणि कॉइलने तो ओलांडावा एवढीच अपेक्षा असते. मी सहा मिलिमीटर हा उंबरठा मानतो. सहावर टकटक आवाज करीत सलग निळी ठिणगी पडत असेल, तर कॉइलकडे बोट दाखवण्यापूर्वी इतर कारणे तपासावीत. चारवरच ती पिवळसर होऊन अडखळत असेल, तर आधी कॅप, मग कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक) यांमधला गॅप आणि शेवटी कॉइल असा क्रम धरावा. कॉइल व फ्लायव्हीलमधला गॅप ०.४ मिलिमीटर असायला हवा आणि त्यात ०.२ इतकी कमी-जास्त सूट असते. फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पट्टी, कॉइलच्या दोन्ही पायांखाली घालून तो तपासायचा. एका बाजूचा बोल्ट आवळताना कॉइल तिरपी होते, ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही.

या साधनाचे खरे मोल गरम इंजिनावर कळते. एका कार्टची तक्रार होती की सुरुवातीच्या काही फेऱ्या ती उत्तम धावते, नंतर सरळ पट्ट्यावर ताकद सोडते आणि थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा ठणठणीत होते. थंड इंजिनावर ठिणगीने आठ मिलिमीटर सहज ओलांडले. तीच कार्ट ट्रॅकवरून येताच, कॉइलला हात लावला तर चटका बसेल अशा अवस्थेत तपासली, तेव्हा पाचच्या पुढे ठिणगी जाईना आणि नळीत ती कधी उमटे, कधी नुसताच क्षीण चिर्र असा आवाज येई. उष्णतेने कॉइलच्या आतले वेटोळे किंवा त्यावरचे इन्सुलेशन साथ सोडते तेव्हा नेमके असेच होते. खोलीच्या तापमानाला मीटरने मोजलेला रोध अशा वेळी काहीच सांगत नाही, कारण थंड कॉइल खरोखरच चांगली असते. थंड आणि गरम अशा दोन्ही वेळच्या नोंदी शेजारी लिहून ठेवल्या, तर पार्ट बदलण्याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही.

तरीही हा टेस्टर एकटा पुरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. चिमट्याच्या टेस्टरवर ठिणगी बाहेरच पडते, म्हणजे इंजिन चालत नाही आणि तपासणी दोरीच्या वेगाइतकीच मर्यादित राहते. ट्रॅकवरच्या वेगाला उद्भवणाऱ्या दोषासाठी त्याच्या जोडीला प्लग आणि कॅप यांच्यामध्ये बसणारा, दिवा लागणारा इनलाइन टेस्टर घ्यावा, पण त्याच्या दिव्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. या इंजिनात बॅटरी नसते. फ्लायव्हीलवरचे चुंबक कॉइलसमोरून जाते तेव्हा ठिणगी तयार होते आणि ते दर फेऱ्याला जाते, म्हणून एक ठिणगी कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि पुढची एक्झॉस्टच्या शेवटी, विनाकामाची पडते. विनाकामाच्या ठिणगीला दाब नसल्याने ती कमजोर कॉइलवरही पडते, म्हणजे उपयोगाची प्रत्येक ठिणगी चुकली तरी दिवा लागत राहू शकतो. शिवाय ३६०० आरपीएमला दिवा सेकंदाला ६० वेळा लुकलुकतो आणि त्यातली एखादी चुकलेली चमक डोळ्यांना दिसणे अशक्य आहे. मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेम घेणाऱ्या स्लो मोशनने चित्रण केल्यास मात्र दर चमकेमागे चार फ्रेम येतात आणि खाडे दिसू लागतात. हे चित्रण सावलीत करावे, कारण भर उन्हात कॅमेऱ्याचे शटर इतक्या कमी वेळासाठी उघडते की चमक दोन फ्रेमच्या मधल्या काळात हरवू शकते.

इनलाइन टेस्टरचा मला सर्वाधिक उपयोग झाला तो वळणावरच्या मिसिंगसाठी. जीएक्स२०० च्या अनेक आवृत्त्यांमध्ये ऑइल कमी झाल्यास इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. जनरेटर किंवा पंप एका जागी सपाट बसलेले असतात, त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे. कार्ट वळणावर जोरात जाते तेव्हा क्रँककेसमधले ऑइल एका बाजूला सरकते, सेन्सर ऑइल संपले असे समजतो आणि कॉइलची प्राथमिक बाजू अर्थ करून, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडून, ठिणगी बंद पाडतो. एकाच दिशेच्या वळणात दिवा विझत असेल आणि सरळ पट्ट्यावर पुन्हा लागत असेल, तर कॉइलला हातही लावू नये. आधी ऑइलची पातळी पाहावी, मग सेन्सरची पिवळी वायर काढून तपासावे आणि त्यानंतर किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद करण्याच्या स्विचची, वायर चासीला कुठे घासून उघडी पडली आहे का ते पाहावे. सेन्सर कायमचा वेगळा करणाऱ्याने दर सत्रापूर्वी ऑइल तपासण्याची जबाबदारी आपल्यावर घेतली आहे, हे विसरू नये. उलट इंजिन गुदमरत असताना दिवा अखंड लागत असेल आणि गरम कॉइल सहा मिलिमीटरच्या परीक्षेतही उतरली असेल, तर दोष इग्निशनमध्ये असण्याची शक्यता कमी होते आणि कार्ब्युरेटरचे जेट व फ्लोट, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र यांच्याकडे वळावे. फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा) अर्धवट कापली जाऊन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, सरकले असेल, तर मात्र दोन्ही टेस्टर सर्व काही ठीक असल्याचेच सांगतील.

बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनसाठी, म्हणजे कोल्हापूरच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत धावलेल्या रोटॅक्स मॅक्ससारख्या १२५ सीसीच्या टूस्ट्रोक इंजिनांसाठी, टेस्टरचे निकाल वाचण्याआधी बॅटरीचे व्होल्टेज मोजणे अनिवार्य आहे. उतरलेली बॅटरी आणि खराब कॉइल नळीत जवळजवळ सारख्याच दिसतात.

वापरताना दोन पथ्ये पाळावीत. चिमटा रंगवलेल्या भागाला न लावता हेडच्या उघड्या धातूला घट्ट लावावा, कारण अर्थ मिळाला नाही तर व्होल्टेज कॉइलच्या आतच वाट शोधते आणि चांगली कॉइल फोडते. याच कारणासाठी गॅप हौसेने दहा-बारा मिलिमीटरपर्यंत ताणू नये. दुसरे म्हणजे प्लग त्याच्या जागीच राहू द्यावा आणि पेट्रोलचा कॉक बंद करावा, म्हणजे प्लगच्या भोकातून उडणारे पेट्रोलचे तुषार ठिणगीजवळ येत नाहीत आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचत नाही.

बांधणीबाबत माझी तक्रार आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टेस्टरच्या चिमट्याची स्प्रिंग मऊ असते आणि छापलेले आकडे पेट्रोलच्या हाताने लवकर पुसले जातात. ते मिलिमीटरचे आहेत की किलोव्होल्टचे, हेही अनेकदा नीट लिहिलेले नसते. दुकानात घेतानाच दांडा पूर्ण आत फिरवून दोन्ही टोके समोरासमोर येतात का ते पाहावे. आकडे कोरलेले असलेला नग मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत आणि घरी आल्यावर कॅलिपरने चार, सहा, आठ या खुणा एकदा ताडून घ्याव्यात.