एअर फोर्स वन: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून

दिवाळीत नायकेचे पांढरे एअर फोर्स वन शूज (लो, म्हणजे घोट्याच्या खाली राहणारे) घेतले, आता पाऊस सरत आलाय. ऑफिस, प्रवास, रविवारी सोसायटीच्या कोर्टवर बास्केटबॉल, सगळीकडे हेच पायात. जीन्सवर शोभणारे शूज म्हणून यांची ओळख झालीय खरी, पण यातला एकेक भाग खेळाडूच्या पायासाठी घडवलेला आहे आणि ते आजही जाणवतं.

दुकानात गेलात तर आधी बूट उलटा करा. चवड्याखाली एकात एक गोल रेषा दिसतील. हा बूट आला तेव्हा बऱ्याच बास्केटबॉल शूजच्या तळाला नागमोडी रेषा असायच्या. धावताना, थांबताना त्या छान पकड देतात. पण बास्केटकडे पाठ करून एका पायावर वळायचं असेल, तर तीच पकड आड येते. तळ जमिनीला धरून बसतो आणि पीळ गुडघ्यावर येतो. 1982 मध्ये ब्रूस किलगोर यांनी हा बूट घडवताना तिथे वर्तुळं आणली. पाय सटकत नाही, पण फिरतो. मी बास्केटजवळ खेळणारा, त्यामुळे हा फरक पहिल्याच खेळात कळला. पिव्हट, म्हणजे एका पायावरची ही गिरकी, नेहमी डाव्या पायावर घेतो. त्या बुटाच्या मधल्या रेषा आता पुसट झाल्यात, उजव्याच्या अजून ठसठशीत आहेत.

टाचेत हवेची बंद पिशवी आहे. ही कल्पना फ्रँक रूडी या विमानविद्येतल्या अभियंत्याची. नायकेने ती आधी धावण्याच्या शूजमध्ये वापरली होती, बास्केटबॉलमध्ये मात्र पहिल्यांदा इथे. ती बाहेरून दिसत नाही आणि पायाखाली लुसलुशीतही वाटत नाही. रिबाउंड (बास्केट हुकून परत आलेला चेंडू) उडी मारून घेऊन खाली आल्यावर टाचेला दणका बसत नाही, तेव्हा तिचं काम कळतं. हल्लीच्या मऊ फोमची सवय असेल, तर सुरुवातीला हे कडकच वाटतील.

पहिल्या वर्षी नायकेने मोझेस मलोनसह सहा खेळाडूंना घेऊन याची जाहिरात केली. 1983 च्या एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या फायनलमध्ये त्यातले चौघे आमनेसामने होते: फिलाडेल्फियाच्या संघाकडून मलोन आणि बॉबी जोन्स, लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडून मायकल कूपर आणि जमाल विल्क्स. फिलाडेल्फियाने 4-0 असा धुव्वा उडवला.

एवढं होऊनही 1984 मध्ये उत्पादन थांबत आलं होतं. तेव्हा नवं मॉडेल आलं की जुनं बंद, अशीच रीत होती. पण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या तीन दुकानदारांकडे गिऱ्हाईक हेच शूज मागत होतं. त्यांनी कंपनीचा पिच्छा पुरवला, ठरावीक जोड उचलायची हमी दिली आणि नवे रंग करून घेतले. ते हातोहात खपले. पुढे दर महिन्याला नवा रंग येऊ लागला आणि दुसऱ्या शहरांतली पोरं खास त्यासाठी बाल्टिमोरला यायला लागली. हा बूट आज आपल्या पायात आहे तो त्या दुकानदारांमुळे, आणि माझ्या मते याच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

आता रोजच्या वापराचं. साइझ नेहमीपेक्षा अर्ध्याने लहान घ्या, मोठाच येतो. चामडं जाड, त्यामुळे वजन आहे; जॉगिंगसाठी हे घेऊ नका. बोटांपाशी सुरकुत्या पडणारच, चामडं आहे ते. चिखल ओल्या फडक्याने लगेच निघतो. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात अजिबात नको. तळ नुसता चिकटवलेला नाही, कडेने शिवलेलाही आहे. पावसाळाभर वापरूनही टाका जागचा हललेला नाही.

मूळ बूट उंच होता, घोट्याभोवती पट्टा असलेला. पुढचा जोड तोच घेणार आहे. घोट्याला आधार मिळूनही पाय मोकळा वळतो का, हे मला कोर्टवर बघायचंय.