फाईल डिलीट होईना म्हणून फोन लावला आणि काकांचे ५० हजार गेले

कॉम्प्युटरवरची एखादी फाईल डिलीट होत नसेल तर कृपा करून गुगलवर सपोर्टचा नंबर शोधून फोन लावू नका. आमच्या सांगलीच्या काकांचे ४९,९९९ रुपये असेच गेलेत. काका म्हणजे जन्मभर हिशेबाचं काम केलेला माणूस, एका रुपयाचा फरक आला तरी रात्री बसून शोधणारे, त्यामुळे "म्हातारी माणसं फसतात" असं म्हणून हे सोडून देऊ नका.

झालं असं की चुलतबहिणीच्या लग्नाच्या शूटिंगमधला एक व्हिडिओ करप्ट होता, चालत पण नव्हता आणि डिलीट पण होत नव्हता. डिलीट दाबलं की मेसेज यायचा की ही फाईल 'कॉम सरोगेट'मध्ये ओपन आहे. लॅपटॉप बंद करून चालू केला तरी परत तेच. काकांनी गुगलवर शोधलं, सगळ्यात वर जाहिरातीत एक फुकटचं डिलीट करायचं सॉफ्टवेअर होतं ते टाकलं, त्याने 'स्कॅन' करून शेकड्याने लाल एरर दाखवले आणि खाली टोल फ्री नंबर. विंडोजच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगून ठेवलंय, पण ते कुणी वाचलेलं असतं?

फोनवरचा मुलगा अगदी गोड, "अंकल जी, टेन्शन मत लीजिए". लांबून दुसऱ्याचा लॅपटॉप चालवता येतो असं रिमोट ॲप टाकायला लावलं, ॲपवर दिसणारा नंबर विचारून घेतला आणि लॅपटॉप त्याच्या ताब्यात. मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली, टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत, कॉम सरोगेटवर बोट ठेवलं आणि म्हणाला हाच व्हायरस, हाच तुमच्या बँकेचा पासवर्ड चोरतोय. काकांची पाचावर धारण बसली. लाईफटाईम प्लॅनचे ४,९९९ यूपीआयने गेले. ती यादी तुमच्या-माझ्या चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरवर पण तशीच लाल-पिवळी दिसते, आत्ता उघडून बघा.

खरा दणका पुढे आहे. थोड्या दिवसांनी फोन आला की कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत देतो. परत रिमोट, परत एक फॉर्म, काकांनी रक्कम टाकली ४,९९९ आणि त्याच्यापुढे अजून एक ९ आपोआप उमटला. मग नेटबँकिंग उघडायला सांगितलं, स्क्रीन जरा वेळ काळी झाली, आणि बघतात तर बॅलन्समध्ये ४९,९९९ वाढलेले. तो पोरगा रडायला लागला, माझी नोकरी जाईल अंकल, वरचे ४५,००० तेवढे परत पाठवा. काकांनी पाठवले कारण दुसऱ्याचा पैसा ठेवायचा नाही हा त्यांचा स्वभाव. खात्यात एक रुपया पण आला नव्हता. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा आकडा त्या कॉम्प्युटरपुरता कुणालाही बदलता येतो, बँकेत काही बदलत नाही, पान रिफ्रेश केलं की खरा बॅलन्स दिसतो. त्यांच्या चांगुलपणाचाच असा वापर केला याची मला जास्त चीड आहे.

मला संध्याकाळी कळलं. आधी वायफाय बंद केलं, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला, दोन्ही व्यवहारांचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा ओळख नंबर) दिले, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली आणि बँकेला कळवलं. थोडी रक्कम पुढच्या खात्यात होल्ड झालीय, बाकीची पुढे सरकली होती. इथे एकेक तास महत्त्वाचा असतो, आधी घरात चर्चा मग तक्रार असं करू नका. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले, आणि रिमोट ॲपमध्ये त्या भामट्यांनी स्वतःचा पासवर्ड टाकून ठेवला होता म्हणजे काका नसताना पण शिरता आलं असतं, म्हणून लॅपटॉपमधले फोटो दुसरीकडे कॉपी करून घेऊन विंडोज पूर्ण नव्याने टाकलं.

आणि तो 'व्हायरस'? कॉम सरोगेट हा विंडोजचाच भाग आहे, फोल्डर उघडला की व्हिडिओंची छोटी चित्रं तयार करायचं काम त्याच्याकडे असतं. करप्ट फाईलवर तो अडकतो आणि फाईल धरून बसतो, रीस्टार्ट केलं तरी फोल्डर उघडला की परत धरतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याला एंड टास्क करून लगेच डिलीट मारायचं, किंवा फोल्डर ऑप्शन्समध्ये थंबनेल (तीच छोटी चित्रं) बंद करून मग डिलीट करायचं. एक पैसा लागत नाही.

दुसरी कुठली फाईल अडली असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये असोसिएटेड हँडल्सच्या सर्च बॉक्समध्ये फाईलचं नाव टाका, कुठल्या प्रोग्रॅमने धरलीय ते दिसतं, तो प्रोग्रॅम बंद करा. मात्र विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमधली फाईल अडत असेल तर तिला हात लावू नका, ती मुद्दामच राखलेली असते. बाकी हट्टी फाईली शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये (इथे विंडोज अगदी मोजक्या प्रोग्रॅमवर चालतं) गेलात की बऱ्याचदा जातात. तिथेही नाही गेली तर लॅपटॉप उचलून ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे न्या आणि समोर बसून करून घ्या.