दवाखान्यासाठी बाह्मनी की ओपनईएमआर?

मेळघाटातल्या धारणीकडच्या आमच्या दवाखान्यात सिकलसेलचा पेशंट पुन्हा आला, की जुना केसपेपर शोधण्यातच अर्धा तास जातो. पावसाळ्यात रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटलेली असतात. म्हणून पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या बाह्मनी आणि ओपनईएमआर या दोन मोफत, मुक्त-स्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रणाली ताडून पाहिल्या.

बाह्मनीचा जन्मच आपल्यासारख्या मुलखातला. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग रुग्णालयाची गरज पाहून ती घडली. रुग्णनोंदीला ओपनएमआरएस, लॅबला ओपनईएलआयएस, बिल आणि औषधसाठ्याला ओडू, अशी तीन सॉफ्टवेअरची मोट बांधली आहे. डॉक्टरांनी तपासणी लिहिली की ती लॅबच्या पडद्यावर दिसते. रिपोर्ट पेशंटच्या पानावर परत येतो, चिठ्ठी हरवायचा प्रश्नच नाही. खाटा, लॅब आणि औषधालय एकाच छताखाली असेल तर माझं मत हिलाच. फक्त सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारा मुख्य कॉम्प्युटर, दमदार हवा आणि तो ज्यावर चालतो ती लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम जाणणारा माणूस हाताशी हवा.

ओपनईएमआर त्यामानाने सुटसुटीत. पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालते, साध्या कॉम्प्युटरवरही बसते. ओपीडी, अपॉइंटमेंट, प्रिस्क्रिप्शन एवढ्याला पुरेशी. बिलिंग मात्र अमेरिकन विम्याच्या साच्यातलं, आपल्याला फारसं उपयोगाचं नाही. एकट्या डॉक्टरचा दवाखाना असेल तर इथून सुरुवात करावी.

लोकल नेटवर्कवर, म्हणजे दवाखान्यातले कॉम्प्युटर आपसात जोडून, दोन्ही इंटरनेटशिवाय चालतात. परवान्याला पैसे लागत नाहीत, पण इन्व्हर्टर, बॅकअपची हार्ड डिस्क आणि प्रशिक्षणाचा खर्च आधीच मांडा. आणि ठरवण्याआधी आठवडाभर सिस्टरांना वापरू द्या. रोजच्या नोंदी त्याच करणार आहेत.