लंडनची 'द जॉर्ज इन' : लाकडी सज्जे आणि पिंपातील एल

लंडन ब्रिजजवळच्या साउथवर्क भागातील 'द जॉर्ज इन' हा पब १६७६ च्या आगीनंतर पुन्हा उभारला गेला. १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने त्याच्या दोन बाजू पाडल्यामुळे आज एकच बाजू शिल्लक आहे, आणि घोडागाड्यांच्या काळातील लाकडी सज्जे असलेली लंडनमधील ही शेवटची सराय १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे.

दारूबंदी असलेल्या वर्धा जिल्ह्यातील खेड्यातून आलेल्या मला वास्तूइतकेच तेथील पारंपरिक एलचे, म्हणजे बिअरच्या एका प्रकाराचे, अप्रूप वाटले. ही एल गाळून निर्जीव केलेली नसते. मोहाच्या सडव्याप्रमाणे तिचे आंबणे पिंपातही चालूच राहते, आणि बाहेरचा वायू न भरता ती हातपंपाने वर ओढली जाते. ती साधारण ११ ते १३ अंशांवर देतात, त्यामुळे बर्फगार बिअरची सवय असलेल्यांना पहिला घोट कोमट वाटेल. परंतु माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा त्याच तापमानाला स्पष्ट कळतो, असे माझे ठाम मत आहे. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर, म्हणून प्रथम अर्धाच मागवावा. मुलांकडे लंडनला जाणाऱ्यांनी, न पिणाऱ्यांनीसुद्धा, हे आवार अवश्य पाहावे.