आइस हॉकीच्या गोलीचे (गोलकीपरचे) नी-पॅड म्हणून गादीचा चुरा विकला, १६,८९० रुपये गेले, लेकरांच्या आईबापांनी वाचा

आधी आकडे सांगतो. पॅडचे ११,५०० रुपये, "कस्टम ड्युटी" म्हणून २,३४०, साइझ बसली की परत मिळणार असलेलं डिपॉझिट १,२००, आणि माल खराब निघाल्यावर बदलून देतो म्हणून वरून आणखी १,८५०. एकूण १६,८९०. यातला एक रुपया परत आला नाही. पोरीचा एक्सरे, तपासणी, गोळ्या मिळून १,३७० गेले ते वेगळेच. नातेवाइकांत अजून कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायली, पण इथं लिहायलोय कारण तोच माणूस तेच फोटो घेऊन दुसऱ्या नावानं स्केटिंगच्या ग्रुपांमध्ये परत फिरायलाय आणि खालचे लोक "प्राइस प्लीज" लिहायलेत.

माझी लेक इनलाइन स्केटिंगमधून आइस हॉकीकडं वळली. आता आम्ही परभणीकडची माणसं, इथं उन्हाळ्यात पारा ४३-४४ ला जातो, बर्फ आणायचा कुठून? सिमेंटच्या रिंकवर चाकांवर सराव करायचा आणि खरा बर्फ पाहिजे तर गुरुग्रामच्या मॉलमधला रिंक, डेहराडून नाहीतर थेट हिवाळ्यात लेह. तरी पोरं करायलेत. २०२५ ला यूएईत भारताच्या मुलींनी एशिया कपचं ब्राँझ जिंकलं, त्या टीममध्ये जास्त करून लडाखच्याच पोरी, पण आमच्या लेकीनं ते बघितलं तेव्हापासून तिला गोलीच व्हायचंय. मी कामून नाही म्हणू?

गोलीच्या पायावर बाहेरून दिसतात ते मोठे लेग पॅड, ते क्लबमधल्या एका मोठ्या पोराचे जुने मिळाले. नी-पॅड वेगळे, ते आतून गुडघ्यावर बांधायचे. गोली बटरफ्लायमध्ये खाली बसतो तेव्हा दोन्ही गुडघे आत वळून धाडकन खाली आपटतात, एका सेशनमध्ये हे किती वेळा होतं ते मोजायची सोय नाही, आणि लेग पॅडच्या वरच्या टोकापासून पँटपर्यंत जी फट उघडी पडते तिथं पक लागायची भीती. पक म्हणजे कडक रबराची चकती, ७६ मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर जाड, १५६ ते १७० ग्रॅम वजनाची, आणि मॅचच्या आधी ती गोठवून घेतात म्हणजे उसळू नये. अशी वस्तू गुडघ्याच्या वाटीवर बसली तर काय होईल सांगा. म्हणून मी स्वस्तातलं बघत नव्हतो. ज्यांना वाटतंय की "स्वस्त मिळालं म्हणून भुलला असेल" त्यांनी हे लक्षात घ्या, साडेअकरा हजार आमच्या घरात स्वस्त नाहीत.

संभाजीनगरला दुकानं फिरलो. एकानं व्हॉलीबॉलची नी-कॅप पुढं केली, एकानं विकेटकीपरचे पॅड दाखवले, दोघांनाही काय मागायलोय ते कळलं नाही. बाहेरच्या देशातून मागवायचं तर शिपिंग, ड्युटी, वर साइझ चुकली तर परत कसं पाठवायचं. अशा वेळी मोबाइलवर एक माणूस सापडतो जो म्हणतो "सर आम्ही फक्त गोली गिअरच आणतो, दिल्लीत स्टॉक आहे", तो पोरीची उंची विचारतो, मांडीचा घेर विचारतो, स्केटचा नंबर विचारतो, लेग पॅडचा फोटो मागतो आणि सांगतो की तुमच्या पॅडचा नी-स्टॅक, म्हणजे लेग पॅडच्या आतल्या बाजूची गुडघा टेकायची गादी, उंच आहे म्हणून नी-पॅड पातळ घ्या. एवढं बारीक बोलणारा माणूस चोर असेल असं कुणाला वाटेल? मला तर नाहीच वाटलं, आमच्या कोचलाही नाही वाटलं, आणि कोच वर्षानुवर्षं या खेळात आहे.

त्यानं सांगितलेली रचना अशी. अंगाला लागतो तो थर मेमरी फोमचा, मधे "१०० डेन्सिटी"चा फोम, त्याच्यावर केशरी रंगाचा डी थ्री ओ आणि सगळ्यात बाहेर कडक प्लास्टिकची वाटी. डी थ्री ओ ही इंग्लंडमधल्या कंपनीची वस्तू, १९९९ पासूनची, हळू दाबलं तर मऊ राहते आणि जोरात धक्का बसला की त्या क्षणाला घट्ट होऊन मार पसरवते, बाइकच्या जॅकेटमध्ये पण वापरतात. हे मी आधीच वाचलेलं होतं. त्यामुळं त्यानं व्हिडिओत केशरी थरावर अंगठा दाबून दाखवला, खड्डा पडला आणि हळूहळू भरून आला, तेव्हा मला तर पटलंच.

पण आता विचार केला की डोकं फिरतं. त्या व्हिडिओत तो फक्त दाबायला होता. एकदाही आपटलं नाही. हातोडी सोडा, साधी मूठसुद्धा मारली नाही. कुणी असा व्हिडिओ पाठवला तर त्याला म्हणा की आपटून दाखव, वाकवून दाखव, आणि शिलाईच्या आतलं दाखव. हो-नाही करायला लागला की तिथंच विषय बंद.

आणि चोरी ओळखायची खरी जागा पुढंच होती, तीच मला झोपू देत नाही. पैसे भरल्यावर त्याचा मेसेज आला की माल कस्टममध्ये अडकलाय, २,३४० भरा. क्यूआर पाठवला, त्यावर कुण्या एका माणसाचं नाव. त्याच संध्याकाळी कुरियरचं ट्रॅकिंग आलं त्यात बुकिंग देशातल्याच एका शहराचं, सरफेसनं. म्हणजे माल देशातच, ट्रकनं यायलाय, आणि हा कस्टमचे पैसे मागायलाय! दोन्ही मेसेज एकाखाली एक होते माझ्या मोबाइलवर. मी विचारलं पण होतं हो, तो म्हणला "सर लॉट पोर्टवर क्लिअर होतो, मग लोकल बुकिंग होतं", आणि हे ऐकायला बरोबरच वाटतं, इम्पोर्टचा धंदा मी कधी केला नाही, तुम्ही तरी केलाय का? त्यात ट्रायल जवळ आलेली, लेक रोज विचारायली "पप्पा आले का". भरले. खरी ड्युटी असली तर तिचा कागद असतो, बिल ऑफ एंट्री म्हणतात, कुरियरवाला त्याची पावती देतो. खासगी माणसाच्या क्यूआरवर सरकारची ड्युटी कधीच जात नाही.

पार्सल उघडलं तर सोल्युशनचा वास घरभर. नवीन मालाला येतोच असा वास म्हणून सोडून दिलं. पोरीनं बांधले, म्हणली "एकदम मऊ हाय पप्पा". हीच खरी मेख आहे आणि माझं सगळ्यात जास्त सांगणं यावरच आहे. हाताला मऊ लागणं आणि गुडघा वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी. अंगालगतचा थर मऊ पाहिजे, चोळू नये, घाम आला तरी टोचू नये एवढंच त्याचं काम. मार खायचं काम आतल्या घट्ट, बंद पेशींच्या फोमचं, ईव्हीए वगैरे, जो पाणी पीत नाही आणि दाबला की लगेच वर येतो. आणि पकचा मार एका जागी न बसता पसरावा हे काम बाहेरच्या कडक वाटीचं. यातला मऊपणा तेवढा कुणालाही स्वस्तात देता येतो. तेवढाच त्यानं दिला.

काही सरावातच पांढऱ्या लेगिंगवर केशरी डाग यायला लागले, धुतले तरी जाईनात. नंतर डाव्या गुडघ्यावर वाटीच्या पुढं सूज, बोट लावलं तर आत पाणी असल्यासारखं हलायचं. डॉक्टर म्हणले सारखं आपटून गुडघ्याच्या पुढची पिशवी सुजलीय, पंधरा-वीस दिवस खेळ बंद. त्यात ट्रायल गेली. तिचं रडणं इथं लिहीत नाही.

माझ्या चुलत भावाचं गादी-उशांचं दुकान आहे. पॅड त्याच्याकडं नेले, दादानं कैचीनं शिलाई उसवली आणि बघताक्षणी म्हणला, "अरे हा तर रिबॉन्ड हाय. जुन्या गाद्यांचा चुरा." आतून निळे, पिवळे, राखाडी, गुलाबी तुकडे सोल्युशननं चिकटवलेले, बोटानं चोळलं की भुगा पडायला. वरच्या बाजूला केशरी रंग फवारलेला, तो घामानं सुटून लेगिंगवर आलेला. डी थ्री ओचा पत्ताच नाही. दादा म्हणला, १०० डेन्सिटी हा आकडा खोटा नाही, रिबॉन्ड तेवढ्या वजनाचाच येतो, गादीत खालच्या थराला चालतो, पण एकाच जागी सारखी आपट बसली की तुकडे सुटतात, पाणी पितो आणि मग तिथं काहीच उरत नाही. म्हणून नुसता डेन्सिटीचा आकडा विचारून समाधान मानू नका, फोम कशाचा ते विचारा. एक तुकडा पाण्यात टाका, पिळल्यावर पाणी निघालं तर तो मार खायचा थर नव्हेच.

आणि कडक वाटी? काळ्या कापडाखाली सनबोर्डचा तुकडा निघाला, बॅनरवाल्यांकडं असतो तो. त्याच्या मागच्या बाजूला लाल अक्षरात छापलेलं "हार्दिक शुभ", पुढचं कापलेलं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा बोर्ड कापून माझ्या लेकराच्या गुडघ्यावर बांधला होता त्यानं. दादाच्या दुकानात ते हातात धरलं तेव्हा माझे हात थरथरायले होते.

फोटो पाठवले तर तो शांतपणे म्हणला "सर बॅच खराब आली, रिप्लेसमेंट पाठवतो, रिव्हर्स पिकअपचे १,८५० भरा, रिफंडमध्ये जमा होतील". भरले, कारण तोपर्यंत पंधरा हजार चाळीस अडकलेले होते आणि ते सोडवायचा दुसरा रस्ता कुणी दाखवत नव्हतं. भरल्यावर अर्ध्या तासात ब्लॉक.

आता सरकारी दारांचं सांगतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार घेतली, नंबर मिळाला, ठीक. पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, तो पर्याय पहिल्या काही तासांत कामाचा, म्हणून ज्याला शंका येईल त्यानं त्याच मिनिटाला फोन लावा, लाज धरून बसू नका. बँक म्हणली तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. ठाण्यात गेलो, नाव लिहीत नाही, तिथले साहेब म्हणले माल तर मिळाला ना, मग हे सायबर नाही, ग्राहक मंचाचं आहे. मी उसवलेले पॅड टेबलावर ठेवले, त्यांनी हातसुद्धा लावला नाही. "परभणीत बर्फावरची हॉकी?" असं विचारून शेजारच्याकडं बघून हसले. अहो माझ्या पोरीचा गुडघा सुजलाय, तुम्हाला हसू कशाचं यायलंय? १९१५ ग्राहक हेल्पलाइनवाले नीट बोलले पण विक्रेत्याचा पत्ताच खरा नाही तर नोटीस कुणाला पाठवणार म्हणले. पत्त्यासाठी कुरियरच्या ऑफिसात गेलो, ते म्हणले पाठवणाऱ्याची माहिती पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाही. पत्र मागायला परत ठाण्यात, तर तिथं म्हणले गुन्हाच दाखल नाही तर पत्र कशाचं. गुन्हा कामून दाखल नाही? कारण माल मिळालाय. माल म्हणजे गादीचा चुरा! एवढे सगळे पगार घेणारे लोक, एकानं एक पत्र लिहिलं असतं तर माणूस हातात होता, त्याचा खात्याचा नंबर, मोबाइल, कुरियरची पावती सगळं मी नेऊन दिलेलं. साडेसोळा हजारांच्या वरची रक्कम त्यांना "किरकोळ" वाटते. त्यांच्या घरातून गेली असती तर?

बिलावरचा जीएसटी नंबर मी उशिरा तपासला, तुम्ही आधी तपासा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७. त्याच्या बिलावर पत्ता दिल्लीचा आणि नंबर २४ नं सुरू, म्हणजे गुजरातचा. पोर्टलवर टाकला तर किराण्याच्या दुकानाचा निघाला, त्या बिचाऱ्याला तर माहीतही नसेल.

हार मानलेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरता येते. माझी भरायची तयारी झालीय, अडलंय ते समोरच्याच्या खऱ्या पत्त्यापाशी. म्हणून ज्यांनी गेल्या वर्षभरात "ट्रिपल लेयर, केशरी जेल" म्हणून असे गोलीचे नी-पॅड घेतलेत त्यांनी आजच एक बाजू उसवून बघा, लेकराला परत बांधू नका. पॅड फेकू नका, खोका आणि कुरियरचं लेबल तर अजिबात नको, त्याच्यावर बुकिंगचा कोड असतो. तुमच्याकडं पैसे गेलेल्या खात्याचं नाव असेल तर मला कळवा, माझ्याकडच्या नावाशी जुळलं तर दोन-तीन तक्रारी एकत्र घेऊन थेट एसपी ऑफिसला जाऊ, एकट्याचं तिथं कुणी ऐकत नाही.