झवेरी बाजारातला काटा आणि बारा ग्रॅमचा पेशंट

हा रिव्ह्यू सोनारकामाच्या, खिशात मावणाऱ्या डिजिटल काट्याचा आहे. सोनं मी त्यावर एकदाही ठेवलेलं नाही आणि सध्याचा भाव बघता ठेवेन असं वाटतही नाही. त्यावर सकाळी बसतो तो बुंद्या, आमच्याकडचा झेब्रा फिंच, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात तो चिमणीहून लहान पक्षी. नर आहे. गाल नारिंगी, कुशीला तांबूस रंगावर पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांवरून मुलाने नाव ठेवलं बुंद्या, मग त्याची जोडीदारीण जिलबी झाली.

काट्याला कंपनी-बिंपनी नाही. खोक्यावर नुसतं ‘पॉकेट स्केल’, २०० ग्रॅम, ०.०१ ग्रॅम आणि बाकी चिनी अक्षरं. चारशेच्या आत मिळाला. तरीही या वर्षात घरात आलेली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती, असं कोणी विचारलं तर मी याच काट्याचं नाव घेईन. का, ते सांगायला बुंद्याच्या पायापासून सुरुवात करावी लागेल.

नारळाच्या काथ्याचं गोल घरटं पिंजऱ्याबरोबर मिळतं ना, त्यातला एक धागा सुटून बुंद्याच्या पायाला फास बसला. तो उलटा लोंबकळत फडफडत होता. सासूबाईंचं लक्ष गेलं म्हणून वाचला. त्यांनी नखं कापायच्या कात्रीने धागा तोडला आणि मला लॅबमध्ये फोन केला, ‘अगं, पाय बघ केवढा टरारून फुगलाय, असशील तशी निघ.’ पक्षी बघणाऱ्या डॉक्टर मॅडमकडे नेला. धागा कातडीत रुतला होता, तो त्यांनी भिंगाखाली बारीक चिमट्याने काढला. नडगीला चीर होती. दोन्ही बाजूंनी पातळ टेपच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून पाय मधे पक्का केला. दुखू नये म्हणून मेलॉक्सिकॅम दिलं, तेही वजनाचा हिशेब करून. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मायक्रोलिटरमध्ये मोजायची सवय आहे, तरी त्या सिरिंजमधला तो थेंब बघून मीही ‘एवढंच?’ म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, ‘पायाची मला काळजी नाही. इतक्या लहान पक्ष्याचं हाड दोन-तीन आठवड्यांत सांधतं. खातो की नाही ते बघा.’

आणि त्याने खाणं सोडलंच होतं.

फिंच खातोय की नाही हे बघणं ऐकायला सोपं वाटतं, पण डोळ्यांना ते कळत नाही. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. राळ्याची वाटी काठोकाठ दिसते, फुंकर मारली की सगळी टरफलं उडतात आणि तळाशी चार दाणे. हे फिंच पाळणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. याची उलटी बाजू मात्र मला नवीन होती. आजारी फिंच वाटीपाशी जाऊन बसतो, दाणा उचलतो, चोचीत घोळवतो, टाकून देतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चला, जेवला एकदाचा. जंगलात आजारी दिसला की कोणीतरी उचलून नेणार, त्यामुळे आजार लपवायची या पाखरांची सवय रक्तातच आहे. सासूबाई दुपारभर समोर बसून मला मेसेज करत होत्या, ‘खातोय गं.’ संध्याकाळी घरी येऊन ट्रेमधला कागद बघितला तर विष्ठा अगदी थोडी, पाणीदार आणि गडद हिरवी. पोटात काही जात नसेल तर अशी होते.

या पक्ष्याच्या अंगाचं तापमान एक्केचाळीस डिग्रीच्या आसपास असतं. एवढ्याशा देहात ती भट्टी पेटती ठेवायला दिवसभर दाणे लागतात. चोवीस तास पोट रिकामं राहिलं तर पुढचे चोवीस तास मिळतीलच असं नाही. अशा वेळी ‘खातोय वाटतं’ याला काही अर्थ नसतो, आकडाच लागतो.

आता आकड्याचं. झेब्रा फिंच साधारण बारा ते पंधरा ग्रॅमचा असतो. बुंद्या मॅडमच्या काट्यावर १२.४ भरला. त्यांनी सांगून ठेवलं, दहा टक्के उतरला तर थांबू नका, घेऊन या. म्हणजे सव्वा ग्रॅम. आमच्या किचनमधला काटा एक ग्रॅमच्या पायरीने चढतो-उतरतो. त्यावर बारा दिसलं तर खरं वजन साडेअकरा आहे की साडेबारा, कोण सांगणार? आणि तेवढ्यातच तर त्याचा जीव अडकलेला. कणीक मळायला तो काटा छान आहे, फिंचच्या आजारपणात त्याचा काही उपयोग नाही. हे लिहितेय कारण एकदोघींनी मला ‘घरात काटा असताना आणखी कशाला’ असं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर झवेरी बाजार गाठला. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने शिरलात तर शेख मेमन स्ट्रीटवरून आत आत जाताना सोनारकामाचं सामान विकणारी लहान दुकानं लागतात. मुशी, चिमटे, कानशी, भिंगं आणि काटे. दुकानदाराने विचारलं, ‘बेन, सोना के डायमंड?’ मी म्हटलं, ‘पक्षी.’ त्याने मान वर करून एकदा बघितलं, मग पोऱ्याला हाक मारली, ‘दोसोवाला दे.’ या धंद्यात त्यांनी याहून विचित्र गिऱ्हाइकं बघितली असणार.

घेताना एक करा. पर्समधून जुनं जाड पाच रुपयांचं नाणं काढून काट्यावर ठेवा, ते नऊ ग्रॅमचं असतं. माझ्यासमोर पहिल्या काट्यावर ते ८.६ दिसलं, तो परत केला. दुसऱ्यावर ८.९७ आलं. नाणं वापरून झिजतंच, तेवढा फरक चालतो. नाणं चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा, आकडा सारखाच यायला हवा. पाटी बोटाने दाबून बघू नका. आत एक धातूची पट्टी असते, तिच्या सूक्ष्म वाकण्यावरून वजन कळतं. ती एकदा जास्त वाकली की काटा कायमचा खोटं बोलतो.

आता वापर. फिंच काट्यावर सुटा बसत नाही हे उघड आहे. आम्ही श्रीखंडाचा पावकिलोचा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडली, तळाला टिश्यू. डबा काट्यावर ठेवून टेअरचं बटण दाबायचं, आकडा शून्य होतो. मग बुंद्याला अलगद मुठीत धरून आत सोडायचं आणि झाकण लावायचं. छाती दाबली जाणार नाही असं धरायचं, कारण पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलावी लागते. आत अंधार झाला की तो दोन-तीन सेकंद स्तब्ध होतो, तेवढ्यात आकडा वाचायचा. डबा पारदर्शक घेऊ नका, आत गरगर फिरत राहतो आणि आकडाही त्याच्याबरोबर नाचतो.

पंखा बंद करायचा, हे महत्त्वाचं. शंभरावा भाग मोजणाऱ्या काट्यावर पंख्याचा वारासुद्धा वजन म्हणून येतो. मुंबईत जूनमध्ये पंखा बंद करून चार माणसं श्वास रोखून डब्याभोवती उभी, हे दृश्य आमच्या शेजाऱ्यांनी दारातून पाहिलं आणि काही न विचारता परत गेले.

वेळ एकच ठेवायची, सकाळी, दाणे द्यायच्या आधी. रात्रभरात एवढा पक्षी अर्ध्या ग्रॅमच्या आसपास सहज उतरतो. आज सकाळी आणि उद्या संध्याकाळी असं मोजलंत तर उगीच खूश व्हाल किंवा उगीच रडाल.

काट्याने पहिल्याच सकाळी ११.६ दाखवलं, दुसऱ्या सकाळी ११.१. त्या मधल्या दिवशी घरातल्या सगळ्यांचं मत होतं की बुंद्या ‘कालपेक्षा बरा’ आहे. डोळे उघडे होते, एकदा चिवचिवलाही होता. काटा नसता तर मीही तेच धरून बसले असते. ११.१ चा फोटो मॅडमना व्हॉट्सॲप केला, उत्तर आलं, ‘आत्ता आणा.’ त्यांनी बारीक नळीने सरळ गळ्याजवळच्या अन्नपिशवीत पातळ खाणं घातलं. हे घरी करायचं काम नाही, नळी श्वासनलिकेत गेली तर संपलं. घरी आम्हाला सांगितलेलं एवढंच: आधी ऊब, मग अन्न. गार पडलेल्या पक्ष्याला भरवायचं नाही, त्याला ते पचत नाही. पिंजऱ्याऐवजी खोका, तीन बाजूंनी कापड, एका टोकाला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आत साधारण तीस डिग्री. नको वाटलं तर सरकायला दुसरं टोक मोकळं. दांड्या काढून टाकल्या, दाणे जमिनीवरच पसरले. आणि जिलबीचा पिंजरा खोक्याला खेटून ठेवला. फिंच एकटा पडला की आणखी मिटतो. तिचा आवाज सुरू झाल्यावर याने मान वर केली, ते मी बघितलं.

नंतर सासूबाईंनी राळ्याचं अख्खं कणीस आत ठेवलं. वाटीतल्या दाण्याला न शिवणारा हा प्राणी कणसाला टोचायला लागला. गळ्याच्या बाजूची पिसं फुंकरीने बाजूला केली की फिंचची कातडी इतकी पातळ असते की अन्नपिशवीतले दाणे आतून दिसतात. पिवळसर गोल दाणे, एकेक वेगळा. काट्यावर आकडा वाढायच्या आधी मला ते दाणे दिसले. पुढच्या सकाळी ११.३, मग ११.५. मग एका सकाळी मुलगा ओरडला, ‘आई, बुंद्या साठ झालाय!’ काट्याचं मोडचं बटण दाबलं गेलं होतं, आकडा कॅरटमध्ये होता. एका ग्रॅमचे पाच कॅरट, म्हणजे बारा ग्रॅम, चला. पण ते कळेपर्यंतचा अर्धा मिनिट वाईट गेला.

म्हणून तक्रारी. मोडचं बटण टेअरच्या अगदी शेजारी आहे आणि दोन्ही सारखीच दिसतात. मी मोडवर सेलोटेप लावून टाकली. दुसरी तक्रार मोठी आहे. काटा मिनिटभरात आपोआप बंद होतो. डबा ठेवला, शून्य केलं, पिंजऱ्यात हात घातला, बुंद्या हातात येईना, वळून बघेपर्यंत काटा झोपलेला. परत चालू केला की तो डब्याला शून्य धरून उठतो, बरं. पण पक्षी आत असताना बंद झाला तर पक्ष्यासकट शून्य होतो आणि सगळं पहिल्यापासून. आजारी पक्ष्याला पुन्हा पकडायला लागणं यासारखा वैताग नाही, त्याला तर त्याहून वाईट. उपाय हाच की पक्षी आधी पकडायचा आणि दुसऱ्या माणसाने मग काटा चालू करायचा. एकट्या माणसाला जड जाईल. शेवटचा आकडा कधीच स्थिर राहत नाही, त्याकडे बघू नका, दशांशानंतरचा पहिला आकडा खरा माना. पावसाळ्यात काटा डब्यात सिलिकाच्या पुडीसोबत ठेवते, तरी आठवड्याला नाण्याने तपासते. सवय आहे, लॅबमध्ये रोजचं काम आहे हे.

याच काळात बाकीही बरंच विकत घेतलं गेलं. पाण्यात टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब एका दुकानदाराने गळ्यात मारले; पक्षी पाणीच पीत नसेल तर थेंब कोणाच्या पोटात जाणार? हँडफीडिंगची पावडर मॅडमनी सांगितली म्हणून आणली, ती चांगली, पण पॅकेट उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि एका फिंचला आयुष्यात संपणार नाही. समुद्रफेस होताच.

बुंद्या आता १२.७ आहे. टेप निघाली, पाय थोडा ताठ राहिलाय, दांडीवर किंचित कलून बसतो. काथ्याचं घरटं गेलं, लाकडी पेटी आली. दोघांचं वजन आता आठवड्यातून एकदा करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहितो. जिलबी डब्यात जायला अजिबात तयार नसते.

कोणी घ्यावा: फिंच, बजी, कॅनरी असं काही लहान घरात असेल तर आजारपणाची वाट न बघता आजच घ्या, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘एरवी वजन किती असतं’ हाच असतो. कोणी घेऊ नये: खिडकीत जखमी चिमणी किंवा मुनिया सापडली म्हणून धावणाऱ्यांनी. आपल्याकडचे रानपक्षी घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे. त्याला खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा, नाहीतर परळला आमच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, न्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो आपोआप बंद होण्यापायी. बॅटरी सोबत येते, पण ती तिथेच बदलून घ्या, माझी आठवड्यात गेली.